मागच्या फळीखालच्या तारखा

घड्याळजींच्या दुकानात एक नियम होता आणि तो मोडायची कोणाची टाप नव्हती. घड्याळ उघडलं, दुरुस्त केलं, की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक कोरणीने तारीख कोरायची. गिऱ्हाइकाला ती कधीच दिसत नाही. दिसते ती पुढच्या वेळी झाकण उघडणाऱ्याला. "आपल्यानंतर ज्याच्या हातात हे जाईल त्याला कळायला हवं, दुखणं कधीपासूनचं आहे," असं घड्याळजी म्हणायचे. एरवी माणूस तुटक बोलणारा, पण या एका विषयावर विचारलंत तर चहा गार होईपर्यंत सोडायचा नाही.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून टेबल, त्यावर हिरवं कापड, डाव्या हाताच्या खिडकीतून उजेड. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्यांच्या पाठीमागे काउंटर आणि काउंटरवर त्यांची बायको. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं, घड्याळाला चिठ्ठी बांधणं, पट्टे बदलणं, "उद्या या" हे वाक्य दहा तऱ्हांनी सांगणं, हे सगळं तिच्याकडे. "अगं, चिमटा," म्हटलं की खांद्यावरून चिमटा पुढे यायचा. "अगं, झाकण धर," म्हटलं की ती येऊन धरायची, आणि घड्याळजी मान वर न करता तारीख कोरायचे. अडतीस वर्षं हे असं चाललं. एका छताखाली दिवसाचे आठ तास, आणि त्यातले साडेसात तास तिला नवऱ्याची पाठ दिसायची.

रविवारी दुकान बंद, आणि दुकानाची मांडणी जशीच्या तशी होडीत. होडी बारा फुटी, एका डोलकाठीची, ठिगळ लावलेल्या एका शिडाची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दोघांनी मिळून घेतली होती. पुढे घड्याळजी, शिडाची दोरी हातात, नजर वाऱ्यावर. मागच्या फळीवर ती, सुकाणूचा दांडा धरून. सुकाणूचं पातं मागे पाण्यात बुडालेलं असतं आणि हा हातभर लाकडी दांडा ते फिरवतो. जरा इकडे ढकलला की होडीचं तोंड तिकडे.

घड्याळजींचं मत असं, की शीड सांभाळायला अक्कल लागते. दांडा काय, नुसता धरायचा असतो. होडी जरा वळली की ते पाठमोरेच ओरडायचे, "घट्ट धर गं!"

"धरलाय हो!" मागून उत्तर यायचं.

चिडून नाही, लाडाने नाही, दुकानातल्या 'उद्या या'सारखं. रविवारभरात हे दहा-बारा वेळा व्हायचं. धक्क्यावरच्या लोकांना ते इतकं पाठ झालं होतं की होडी लांबून दिसली की कोणीतरी आधीच "घट्ट धर गं" म्हणायचं आणि बाकीचे हसायचे.

मग एका जूनमध्ये तिच्या हातून चहाचा कप पडला. उजवा खांदा धरून ती खाली बसली आणि उठेना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?"

"महिनाभर झाला असेल," ती म्हणाली.

डॉक्टरांनी घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजी वेळेच्या बाबतीत कोणाचं ऐकून घेणारे नव्हते. "महिनाच," ते ठामपणे म्हणाले.

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडापुढे धरला. "महिन्याभरात हाडातलं दुखणं सहसा इतकं पसरत नाही," ते म्हणाले. "पण असतात काही."

म्हणजे डॉक्टरांनी संशय घेतला आणि घड्याळजींना तो अपमान वाटला. बाहेर आल्यावर ते तिला म्हणाले, "यांना कॅलेंडर शिकवा कोणीतरी." ती हसली. जानेवारीत ती गेली.

---

त्यानंतरचे महिने घड्याळजींनी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही, ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळतं. घरातलं तिचं सामान लेकीने आवरलं. ही लेक एकुलती एक, शाळेत भूगोल शिकवायची, दोन गल्ल्या सोडून राहायची आणि रोज संध्याकाळी येऊन बापाच्या जेवणावर नजर ठेवायची. दुकान घड्याळजींनी बंद केलं, कारण "अगं, चिमटा" म्हणून हात मागे गेला आणि तो रिकामाच पुढे आला, असं एका दिवसात तीनदा झालं.

राहिली होडी. ऑक्टोबरात एकदा ताडपत्री काढून ते नुसतेच आपल्या पुढच्या जागेवर जाऊन बसले. होडी धक्क्याला बांधलेली, डुलत होती. आणि त्यांना वाटलं, ती मागे आहे. वाटायला कारणही साधं होतं. होडीत ती त्यांना कधी दिसतच नसे, मागे नुसती असायची. आज तरी वेगळं काय होतं? मान वळवली नाही तर काहीच वेगळं नव्हतं. घड्याळजी तासभर तसे बसले, आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली.

तेव्हा त्यांनी ठरवलं, रविवारी पूर्वीसारखं बाहेर जायचं. आपण आपल्या जागेवर, मागची फळी रिकामी. दांडा कशाने तरी स्थिर ठेवायचा. दुसऱ्या कोणाला तिथे बसवायचं नाही, लेकीलाही नाही.

नेमके इथेच बंदरमास्तर आडवे आले. माणूस वाईट नव्हता. धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत एक किटली, एक दुर्बीण आणि नियमांची एक वही घेऊन बसायचे.

"सत्तरीपुढच्या माणसाने शीड लावून एकट्याने जायचं नाही, घड्याळजी. बरोबर आणखी दोन हात हवेत. नियम मी केलेला नाही."

"मग मोडायला तुमचं काय जातंय?"

"नोकरी जाते."

घड्याळजी खुर्चीवरून उठेनात. बंदरमास्तरांनी चहा दिला, तो संपला, दुसरा दिला. शेवटी त्यांनी वही उघडली.

"एक वाट आहे. पाण्यातल्या लाल पिंपापासून पांढऱ्या पिंपापर्यंत सरळ रेषेत जायचं. मध्ये दांडा सोडून डोलकाठीपाशी जायचं, शीड लहान करायला त्याची खालची घडी बांधायची आणि परत यायचं. तेवढ्या वेळात होडीचं तोंड फिरलं नाही, तर मी कागदावर सही करतो. फिरलं, तर होडी शेडमध्ये, डोलकाठी उतरवून. मग तुम्हीही माझ्याकडे यायचं नाही आणि मीही चहा पाजायचा नाही. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. जमेल?"

"माझी बायको अडतीस वर्षं तो दांडा धरून बसली होती," घड्याळजी म्हणाले. "त्यात न जमण्यासारखं काय आहे?"

---

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्या रविवारी घड्याळजींनी दांडा दोरीने दोन्ही कडांना करकचून बांधला. नियमाप्रमाणे सरावाला कोणीतरी बरोबर हवं, म्हणून लेक आली होती, पण तिला मधल्या फळीवर हात मांडीत घेऊन बसायची ताकीद होती. लाल पिंप ओलांडेपर्यंत सगळं छान झालं. मग वाऱ्याचा एक झोत आला. शिडाने ओढ घेतली, सुकाणूला जरा सैल व्हायचं होतं, दोरीने होऊ दिलं नाही. होडी एका अंगावर कलली आणि बादलीभर पाणी लेकीच्या मांडीवर आलं.

"दोरी कच्ची होती," घड्याळजी म्हणाले.

"दोरी जरा जास्तच पक्की होती," लेक पदर पिळत म्हणाली. "बाबा, आई दांडा असा आवळून धरायचीच नाही. सारखा हलवायची. थोडा इकडे, थोडा तिकडे. मी लहानपणी मधेच बसायचे ना, बघायचे."

"हलवायची? मी तिला घट्ट धर म्हणून सांगायचो."

"तुम्ही सांगायचात," लेक म्हणाली.

दुसऱ्या रविवारी त्यांनी एका सुट्या फळीला करवतीने दहा खाचा पाडून आणल्या. दांडा हव्या त्या खाचेत बसवायचा, की काम झालं. होडीला जी जागा हवी असायची ती दर वेळी दोन खाचांच्या मध्ये पडायची. एका खाचेत होडी डावीकडे जायची, पुढच्या खाचेत उजवीकडे. दुपारपर्यंत दोघांनी खाडीभर नागमोडी वळणं काढली. धक्क्यावरून कोणीतरी ओरडलं, "घड्याळजी, शिवण घालताय का?"

मग मात्र घड्याळजींना चेव आला. दोरी आणि करवत ही अडाण्यांची कामं. आपण चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या. त्यांनी बंद दुकान उघडलं, टेबलावरचं हिरवं कापड झटकलं आणि दहा दिवस खपून पितळेचं एक यंत्र तयार केलं. त्याला दातेरी चक्र होतं, दातात अडकणारी जीभ होती, दांड्याला पकडणारा चामड्याचं अस्तर लावलेला चिमटा होता. दिसायला इतकं देखणं, की लेक म्हणाली, "हे होडीत कशाला, दिवाणखान्यात ठेवू."

चाचणीला चार दिवस उरले होते. बुधवारी सकाळी घड्याळजी यंत्र घेऊन धक्क्यावर गेले. ते मागच्या फळीला खालून स्क्रूने बसवायचं होतं, म्हणजे होडीच्या तळाशी उताणं झोपून हात वर करून काम. सत्तरीच्या माणसाने करायचं ते काम नव्हे, पण सुंभ जळाला तरी पीळ जातो कुठे! ते झोपले, बॅटरी तोंडात धरली, आणि यंत्र कुठे बसेल ते पाहायला फळीच्या खालच्या अंगावरून बोट फिरवलं.

बोटाला एक हूक लागला. लहान, पितळी, दुकानातली भिंतीवरची घड्याळं टांगायचा. त्यांनी तो तिथे मारलेला नव्हता. हुकाशेजारी तीन जुनी भोकं होती, एकेका बोटाच्या अंतरावर, जणू हूक तीनदा काढून पुढे सरकवलेला. आणि प्रत्येक भोकाजवळ, हुकाजवळही, लाकडावर काहीतरी ओरखडलेलं होतं.

सवयीने त्यांचा हात खिशात गेला. भिंग डोळ्याला लागलं.

तारखा होत्या. बारीक, एका ओळीत, दिवस-महिना-वर्ष, दुकानात कोरायचे तशाच. अक्षर तिचं. पहिली सोळा एप्रिलची, तीन वर्षांपूर्वीची. दुसरी त्याच वर्षीच्या सप्टेंबरातली. तिसरी पुढच्या जुलैची. चौथी, हुकाशेजारची, त्यानंतरच्या फेब्रुवारीतली. या चौथीचे आकडे वाकडेतिकडे होते, पाटीवर पहिल्यांदा गिरवणाऱ्या पोराने काढावेत तसे. ते डाव्या हाताने कोरलेले होते.

घड्याळजी उताणेच पडून राहिले. बॅटरी तोंडातून पडली आणि तळाच्या पाण्यात तशीच जळत राहिली.

---

मागच्या फळीशेजारी एक कप्पा होता. त्यात तिची कापडी पिशवी असायची. ती गेल्यापासून तो उघडायचा धीर घड्याळजींना झाला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून झाल्यावर त्यांनी तो आता उघडला. थर्मास होता, डोक्याला बांधायचा रुमाल होता, आणि रुमालात गुंडाळलेली एक वस्तू होती.

मनगटी घड्याळाचा एक रुंद चामडी पट्टा होता तो, पुरुषी, बक्कल लावलेला. त्याच्या एका बाजूला सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी, दुसऱ्या बाजूला सुती दोरी. वापर कसा करायचा ते घड्याळजींना बघताक्षणी कळलं. पट्टा दांड्याभोवती बांधायचा, रबर फळीखालच्या हुकात, दोरी पलीकडच्या कडेला. वारा ओढेल तसा दांडा थोडा जाईल, आणि रबर त्याला परत आणेल. यात दातेरी चक्र नव्हतं की जीभ नव्हती. पट्टा त्यांच्या ओळखीचा होता. तो त्यांनी दुकानात आठवडाभर शोधला होता आणि तो हरवल्याबद्दल बायकोला गबाळी म्हटलं होतं. तिने ऐकून घेतलं होतं.

त्यांनी हूक एकेका भोकात लावून पट्टा बांधून पाहिला. पहिल्या भोकाशी रबर सैल राही, हाताला नुसती मदत करी. दुसऱ्याशी जरा ताणे. चौथ्याशी हाताची गरजच नव्हती. म्हणजे त्या फेब्रुवारीपासून, कप पडायच्या चार महिने आधीपासून, उजव्या हाताने दांडा धरणं तिला जमतच नव्हतं. आणि दुखायला लागलं होतं त्याआधी कितीतरी. एप्रिल ते पुढच्याच्या पुढच्या वर्षीचा जून. घड्याळजींनी मनात मोजलं, सव्वीस महिने.

"महिनाच," असं ते डॉक्टरांना म्हणाले होते.

पहिल्यांदा त्यांना राग आला, तिचाच. सव्वीस महिने ताकास तूर लागू दिली नाही! एकाच खोलीत, एकाच होडीत! ते तसेच उठून बंदरमास्तरांच्या पत्र्याच्या खोलीत गेले आणि तो पट्टा टेबलावर टाकला.

"हे कधी पाहिलंय तुम्ही?"

"वहिनींचं ना?" बंदरमास्तर सहज म्हणाले. "त्या आधी गुडघ्याने दांडा रेटायच्या. मग हे आलं. शेवटच्या वर्षी तर हात मांडीवरच पडलेला असायचा त्यांचा. दुर्बिणीतून दिसायचं की मला."

"मला सांगितलं का नाहीत?"

बंदरमास्तर गोंधळले. "सांगायचं काय त्यात? मला वाटलं, तुम्हीच करून दिलंय. एवढं बारीक काम घड्याळजींशिवाय कोण करणार, असं मी धक्क्यावर सगळ्यांना सांगितलंसुद्धा."

म्हणजे धक्क्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं. ज्यांनी "घट्ट धर गं" म्हणून चेष्टा केली त्यांनाही. पाठ करून बसलेल्या एकाच माणसाला माहीत नव्हतं.

संध्याकाळी लेक आली तेव्हा पट्टा जेवणाच्या टेबलावर होता. घड्याळजींनी सगळं सांगितलं, तारखा एकेक करून सांगितल्या. लेकीने रबर बोटाने ताणलं, सोडलं.

"डाव्या हाताने लिहायला शिकतेय म्हणायची मला," ती म्हणाली. "फोनवर. मी म्हटलं, आता या वयात? तर म्हणाली, डोक्याला चांगलं असतं. मी वर्गात पोरांना सांगितलं, माझी आई बघा कशी आहे."

"पण का? मला का नाही बोलली?"

"बोलली असती तर तुम्ही होडी बंद केली असतीत."

"केलीच असती! दवाखान्यात नेलं असतं!"

"म्हणूनच," लेक म्हणाली. "तुमचा रविवार गेला की आठवडाभर तुमचं तोंड कसं होतं, ते तुम्हाला कुठे दिसत होतं? तिला माहीत होतं. पण बाबा, तिनेही चूकच केली. चूक केली आईने."

बाप-लेक दोघंही रडले. रडून झाल्यावर लेकीने भात वाढला, तो कोणी खाल्ला नाही.

पितळेचं यंत्र घड्याळजींनी दुकानात नेऊन ठेवलं. ट्यूबची पट्टी उन्हाने चिरली होती. त्यांनी नवी कापली, तेवढ्याच मापाची. तारीख मात्र त्यांच्याने कोरवेना.

---

शेवटच्या रविवारी वारा बेताचा होता. लाल पिंपापाशी घड्याळजी होडी घेऊन आले. बंदरमास्तर मोटरच्या बोटीतून मागोमाग, त्यांच्या शेजारी लेक. अंतर असं, की मोठ्याने बोललेलं ऐकू जावं.

घड्याळजींनी पट्टा दांड्याला बांधला, रबर हुकात अडकवलं आणि हात काढला. दांडा जरासा सरकला, थांबला, परत आला. होडी सरळ चालली होती. ते वाकून, कडा धरत धरत, मधली फळी ओलांडून डोलकाठीपाशी गेले. त्यांची जुनी जागा. समोर शीड, समोर वारा, पाठीमागे मागची फळी. आणि खरंच, ऑक्टोबरात वाटलं होतं तसंच पुन्हा वाटलं. ती होती. ते शिडाची खालची घडी गोळा करू लागले, बोटं आपोआप चालली, गाठी बसू लागल्या. तिसऱ्या गाठीला झोत आला, होडी किंचित झुकली, आणि घड्याळजींच्या तोंडून गेलं,

"घट्ट धर गं!"

मोटरच्या बोटीत लेकीने तोंडावर हात दाबला.

उत्तर आलं नाही. घड्याळजी गाठ हातात धरून थांबले. इतकी वर्षं ते उत्तर यायचं म्हणून त्यांनी कधी मान वळवली नव्हती. ते यायचं, म्हणजे सगळं ठीक आहे. आज पहिल्यांदा त्यांनी मागे वळून पाहिलं.

फळी रिकामी होती. दांडा आपला आपण हलत होता, थोडा इकडे, थोडा तिकडे. झोताबरोबर रबर ताणलं जायचं, झोत ओसरला की आखडायचं, आणि होडीचं तोंड पांढऱ्या पिंपावरून हटत नव्हतं. तिचा हात असाच चालत असणार. तिथून तिला समोर काय दिसत असेल तेही त्यांनी पाहिलं. शीड, त्याच्यापलीकडे पाणी, आणि मध्ये आपली पाठ. सव्वीस महिने ती तिथे कण्हली असेल, ओठ चावले असतील, रडलीही असेल. तिला लपवायची गरजसुद्धा नव्हती. एकदा, नुसतं एकदा मान वळवली असती, तर पुरलं असतं.

त्यांनी राहिलेल्या गाठी मारल्या. मग ते परत मागे आले आणि तिच्या जागेवर बसले. पट्ट्याचं बक्कल सोडलं, दांडा हातात घेतला. पुढे बसून आता काही उपयोग नव्हता. मागे कोणी नाही हे एकदा पाहून झाल्यावर ते न पाहिल्यासारखं करता येत नाही. ज्या वाटण्यासाठी एवढा खटाटोप केला ते वाटणं गेलं होतं. पांढऱ्या पिंपापर्यंत त्यांनी दांडा सैल हाताने धरला, आणि तो किती हलतो ते बघत राहिले.

पत्र्याच्या खोलीत बंदरमास्तरांनी किटली चढवली आणि कागद काढला. ते खुशीत होते. "एक बोट हललं नाही तोंड! असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. हा घ्या तुमचा कागद. 'एकट्याने होडी नेण्यास हरकत नाही.' आता कोणी अडवणार नाही तुम्हाला."

घड्याळजी तो 'एकट्याने' शब्द वाचत राहिले. लेक दारात उभी होती.

"दोन रकाने भरायचे राहिलेत," बंदरमास्तर म्हणाले. "दांड्याची व्यवस्था कोणी केली?"

"माझ्या बायकोने."

त्यांनी लिहिलं. "केव्हापासून वापरात आहे? हे आपलं नावाला असतं, कोणी वाचत नाही. महिनाभर लिहू?"

"नको," घड्याळजी म्हणाले. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि बंदरमास्तरांच्या डोळ्यांत पाहिलं. "महिनाभर नाही. तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. सोळा तारीख. तेव्हापासून दुखत होतं तिला. नीट लिहा. वर्ष गाळू नका."

बंदरमास्तरांनी लिहिलं. घड्याळजींनी कागद आपल्याकडे फिरवला, खिशातून भिंग काढलं आणि तारीख बरोबर पडलीय का ते पाहिलं.